अभ्यासपाठ : चाती, टकळी, तर्कू – एका शब्दाचे अनेक अर्थ

॥ श्रीगुरवे नमः ॥



आपल्या पत्रिकेत दर महिन्याला एक शब्द घेऊन आपण त्याचा अभ्यास करतो. या महिन्याची सेवा माझ्याकडे आली तेव्हा शब्द कोणता घ्यावा ते सुचत नव्हतं. तो सुचवला आमच्या नळ दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी. स्वयंपाकघरातला नळ आठ दिवस ठिबकत होता. त्यांनी तो खोलला, आतला पितळी दांडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मावशी, याचा स्पिंडल गेलाय. वरची मूठ कितीही फिरवा, आत काहीच बंद होणार नाही."

मूठ फिरते, पण आत काही बंद होत नाही! मी तो दांडा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. माझ्याच बाबतीत गेल्या वर्षी असं काही घडलं होतं. ते पुढे सांगते. आधी शब्दाचा अभ्यास करू.

*१. शब्दाचं घराणं*

ज्याला इंग्रजीत स्पिंडल म्हणतात त्याला आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. चरख्याला जी लोखंडी बारीक सळई असते आणि जिच्यावर सूत गुंडाळलं जातं ती *चाती*. आणि चरख्याशिवाय, नुसत्या हाताने फिरवायची ती *टकळी*. टकळी म्हणजे एक बारीक सळई, खालच्या बाजूला एक जड चकती, आणि वरच्या टोकाला धागा अडकवायला छोटासा आकडा किंवा खाच. बस, एवढंच यंत्र! खिशात किंवा पिशवीत मावणारं.

संस्कृतात याला *तर्कु* म्हणतात. यास्काचार्यांच्या निरुक्तात, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, ज्या शब्दांत आधीचं अक्षर मागे आणि मागचं पुढे झालं अशा शब्दांची उदाहरणं दिली आहेत. रज्जू म्हणजे दोरी, सिकता म्हणजे वाळू, आणि त्यांच्याच रांगेत तर्कु. सूत कातणे या अर्थाचा 'कृत्' हा धातू आहे. त्यापासून 'कर्तु' व्हायला हवं होतं, ते उलटून 'तर्कु' झालं, असा हा विचार. एवढ्या प्राचीन ग्रंथात शब्दांचा अभ्यास करताना घरातली सूत कातायची सळई उदाहरणाला घेतली गेली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

याच तर्कूवरून हिंदीत तकुआ, तकला, तकली हे शब्द आले. आपली टकळी त्यांचीच भावंड. इथे बडोद्यात आमच्या गुजराती शेजारणी चातीला *त्राक* म्हणतात आणि चरख्याला रेंटियो. भाद्रपद वद्य द्वादशीला, म्हणजे गांधीजींच्या जन्मतिथीला, गुजरातेत 'रेंटिया बारस' म्हणतात. बेळगावकडच्या साधकांना कानडीतला *कदिरु* आणि हैदराबादच्या साधकांना तेलुगूतला *कदुरु* हा शब्द जवळचा वाटेल. दोन्हींचा अर्थ चातीच. कानडीत कदिर म्हणजे सूर्याचा किरण, धान्याचं कणीसही कदिर. सरळ, निमुळतं, टोकदार असं जे जे, ते एका उच्चारात आलं.

आणखी एक गंमत. लॅटिन भाषेत पिळणे या अर्थाचा जो शब्द आहे तो आपल्या तर्कूचा दूरचा नातेवाईक. त्या लॅटिन शब्दावरून यंत्रशास्त्रातला 'टॉर्क' हा शब्द आला. मोटारगाडीच्या जाहिरातीत टॉर्क इतका नि तितका असं सांगतात, त्याच्या मुळाशी पीळ देण्याचीच कल्पना आहे.

*२. चाती काम कशी करते?*

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत टकळी हातात धरली असेल. आमच्या आईच्या वेळी तर सूतकताईचा तासच असायचा. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिथून नई तालीम म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना पुढे आली आणि टकळी शाळेच्या दप्तरात आली. आम्ही तास संपायची वाट बघायचो हे खरं, पण हाताला ती सवय लागली ती अजून आहे.

कापसाचा एक तंतू घेऊन बघा. जेमतेम इंच-सव्वा इंच लांब. ओढला की लगेच तुटतो. अशा लाखो तोकड्या तंतूंपासून मैलोन्‌मैल धागा होतो, आणि त्यात डिंक नाही, खळ नाही, गाठ नाही. मग तो धरून कशामुळे राहतो? फक्त *पिळामुळे*. पीळ बसला की तंतू एकमेकांना आवळून धरतात आणि ओढलं तर अधिकच घट्ट धरतात.

हे काम तीन पायऱ्यांत होतं.

_पहिली_ – पेळूतून तंतू ओढणे. फार ओढले तर धागा तुटतो, कमी ओढले तर गाठाळ होतो.

_दुसरी_ – चाती फिरवून पीळ देणे. पीळ कमी पडला तर धागा हातात विरतो. जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागतो.

_तिसरी_ – तयार धागा चातीवर गुंडाळणे.

आता चरख्यावरची खरी खुबी ऐका. पीळ देणं आणि गुंडाळणं ही दोन्ही कामं तीच चाती करते. फरक असतो तो फक्त आपण धागा कोणत्या कोनात धरतो त्याचा. धागा चातीच्या टोकाच्या दिशेला तिरका धरला, तर प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि एक पीळ बसतो. धागा चातीला काटकोनात आणला की तोच फेरा धागा गुंडाळायला लागतो. आणि या दोहोंच्या मध्ये एक बारीकशी गोष्ट करावी लागते. चाक *किंचित उलट* फिरवावं लागतं. टोकावर जे चार-दोन वेढे बसलेले असतात ते उलगडल्याशिवाय धागा गुंडाळायला येत नाही. नवशिके हीच पायरी विसरतात आणि धागा तुटतो.

टकळीत चाक नसतं, त्यामुळे तिथे ती खालची चकती महत्त्वाची. बोटांनी एक झटका दिला की चकतीच्या वजनामुळे टकळी फिरत राहते. सळई सरळ आणि चकती बरोबर मध्यावर असेल तर ती इतकी शांत फिरते की फिरते आहे हे कळतही नाही. सळईला जरा बाक आला की ती थरथरते आणि धाग्याला हिसके बसतात. चरख्याच्या चातीचंही तसंच. धागा वारंवार तुटायला लागला की जाणकार माणूस कापसाला दोष देत नाही, आधी चाती सरळ आहे का ते बघतो.

आपल्या उपासनेत आपण श्रवण, मनन, निदिध्यासन असं नेहमी म्हणतो. मला तर या तीन पायऱ्या तंतोतंत तशाच दिसतात. श्रवण म्हणजे तंतू ओढणं. मनन म्हणजे पीळ देणं. निदिध्यासन म्हणजे तो धागा आपल्या आत गुंडाळला जाणं. आपण बहुतेक जण श्रवणावर थांबतो. प्रवचन ऐकलं, फार छान झालं, पुढच्या गटाला पाठवलं! पीळ बसलाच नाही, मग तो धागा संध्याकाळपर्यंत विरला तर नवल काय?

*३. चातीचा प्रवास*

मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीच्या आणि इतर पदार्थांच्या, मध्ये भोक असलेल्या चकत्या सापडल्या. त्या टकळीच्याच चकत्या. तिथेच चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले कापसाच्या कापडाचे अवशेषही मिळाले. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या भूमीत बायका-पुरुष टकळी फिरवत होते. सळया लाकडाच्या असतील त्या कुजून गेल्या, चकत्या तेवढ्या राहिल्या.

माझ्या माहेरी आजोबा जानव्यासाठी स्वतः सूत काढायचे. धागा चार बोटांभोवती शहाण्णव वेळा गुंडाळून मोजायचा, मग तीन पदर एकत्र पिळायचे, त्याचे परत तीन पदर करून उलट पीळ द्यायचा, असे नऊ धागे. आजोबा मांडीवर टकळी फिरवत आणि टोक वाटीत टेकवत. त्यांचा एक नियम होता. टकळी हातात असेतो बोलायचं नाही. आम्ही मुलं मुद्दाम काहीबाही विचारायचो. ते नुसते भुवई उडवायचे.

मग यंत्रं आली. इंग्लंडमध्ये १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्ज याने एका चाकावर आठ चात्या चालतील असं यंत्र केलं. तिथून आठाच्या शंभर, शंभराच्या हजार झाल्या. आपल्याकडे मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापसाची पहिली गिरणी उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. तेव्हापासून गिरणी केवढी मोठी हे सांगायचं माप म्हणजे तिच्यात चात्या किती. इंदूरच्या मालवा मिल, हुकुमचंद मिल परिसरात वाढलेल्या साधकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे आकडे ऐकले असतील.

सुताचा 'नंबर' म्हणतात तोही समजून घेऊ. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितक्या नंबरचं ते सूत. वीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात १६,८०० यार्ड, साडेनऊ मैल! नंबर वाढेल तसं सूत बारीक.

आता आमच्या बडोद्याचा अभिमानाचा भाग. गांधीजी आत्मचरित्रात सांगतात की त्यांना चरखा हवा होता पण कुठे मिळेना. शेवटी गंगाबेन मजमुदार यांनी तो शोधून काढला, बडोदे संस्थानातल्या विजापूर गावात. आणि तिथे काय दिसलं? चरखे पुष्कळ घरांत होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले. लोक म्हणाले, आम्हाला कोणी पेळू आणून द्या आणि आमचं सूत विकत घ्या, आम्ही कातू की! म्हणजे कला विसरली नव्हती, चरखे मोडले नव्हते. कोणी येऊन विचारलं नव्हतं, एवढंच. पुढे १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत घडी होणाऱ्या छोट्या चरख्यावर पुष्कळ काम केलं. म्हणून त्या पेटी चरख्याला येरवडा चक्र म्हणतात.

आणि टकळीचं नाव निघालं की विनोबांची आठवण यायलाच हवी. जन्म १८९५ चा कोकणातल्या गागोद्याचा, पण शिक्षण आमच्या बडोद्यात. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांनी तासन्‌तास टकळीवर सूत कातलं. कातणाऱ्या गरिबाला जेवढी मजुरी मिळते तेवढ्यात आपला निर्वाह होतो का, हे त्यांना स्वतः करून बघायचं होतं.

*४. शरीरातल्या चात्या*

हा भाग लिहिताना माझ्या भाचीने मदत केली. ती जीवशास्त्र शिकवते.

आपल्या शरीरात पेशी सतत विभागत असतात. एका पेशीच्या दोन होताना आतली गुणसूत्रं आधी दुप्पट होतात आणि मग त्यांची समान वाटणी होते. ही वाटणी करायला पेशीत अतिसूक्ष्म धाग्यांची एक रचना तयार होते. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, सूत भरलेल्या चातीसारखी. म्हणून त्या धाग्यांना मराठीत *तर्कुतंतू* म्हणतात. ते गुणसूत्रांना धरून दोन टोकांकडे ओढतात. आणि भाचीने सांगितलेली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की प्रत्येक गुणसूत्र धाग्याला नीट जोडलं जाईपर्यंत पेशी थांबते. एक जरी सुटं असलं तरी ओढायला सुरुवात करत नाही.

अंगणातली सदाफुली आठवा. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध मिळतं, ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. ते या तर्कुतंतूंची रचनाच होऊ देत नाही, त्यामुळे बेसुमार वाढणाऱ्या पेशींची विभागणी थांबते. (सूचना : सदाफुलीची पानं घरी चावून खाऊ नयेत, ती विषारी आहेत. औषध ते डॉक्टरांच्याच हातून.)

दुसरी चाती स्नायूंमध्ये असते. स्नायू किती ताणला गेला हे मेंदूला कळवणारे बारीक संवेदक स्नायूंत असतात, त्यांचा आकारही चातीसारखा. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो तो यांच्यामुळे. झटका देऊन ताणलं की स्नायू उलट आखडतो. म्हणून आपल्या योगवर्गात ताई सांगतात ना, आसनात हळूहळू जा, हिसका देऊ नका!

तिसरी चाती झोपेत. मेंदूचा आलेख काढतात त्यात, झोप जरा स्थिरावली की मध्ये जाड आणि दोन्हीकडे निमुळते होत जाणारे लहरींचे पुंजके उमटतात. सेकंदाला साधारण ११ ते १६ लहरी. त्यांनाही स्लीप स्पिंडल, झोपेतल्या चात्या, असं नाव आहे. दिवसभरात शिकलेलं मनात पक्कं होण्याशी त्यांचा संबंध आहे असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे गुंडाळायची पायरी झोपेतही चालू असते म्हणायची.

*५. तोंडाची टकळी*

आता शब्दाचा शेवटचा अर्थ, आणि माझी गोष्ट.

टकळी या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, आणि आज सूत कातणारे कमी उरल्यामुळे तोच जास्त ऐकू येतो. "काय टकळी लावली आहे!" म्हणजे अखंड बडबड. लहानपणी मला हे रोज ऐकायला मिळायचं.

गेल्या वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी आम्ही दहा-बारा जणी केंद्राच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतो. हात चालू, तोंड चालू. भंडाऱ्याच्या वर्गणीचा हिशेब आमच्यातल्या एका ताईंकडे असायचा. त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या. कोणीतरी विचारलं, आणि मी हसत म्हणाले, "हिशेब द्यायची वेळ आली की बरोबर गायब!" चार जणी हसल्या. माझ्या मनात काही नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत ते वाक्य तीन घरं फिरून 'पैशांचा काहीतरी घोळ आहे' असं झालं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते याला.

ताईंच्या यजमानांना त्या दिवशी सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं. त्या तिथे बाकावर बसून होत्या. आणि तिथेच त्यांना कोणाचा तरी फोन गेला, की हिशेबाबद्दल लोक असं असं बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने वही, पावत्या आणि उरलेले पैसे केंद्रात आणून दिले. सगळं बरोबर, वर पदरचे शंभर रुपये. ताई मात्र आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. अकरा वर्षं समईच्या वाती आणि देवाची कापसाची वस्त्रं त्या करून आणायच्या. त्यानंतर आम्ही बाजारातून वातीची पाकिटं आणायला लागलो.

मी काय केलं? पहिले दोन महिने काहीच नाही. मनात म्हणायची, मी थट्टेत बोलले, वाढवलं दुसऱ्यांनी. मग गटावर मोघम लिहिलं, 'कोणाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व.' त्याला पंधरा जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ताईंचं उत्तर आलं नाही. जप चालू होता, माळ फिरत होती. पण त्या नळासारखं, वरची मूठ फिरत होती आणि आत काही होत नव्हतं.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असं म्हणतात. माझा पीळ तसाच होता.

एक दिवस माळा आवरताना आजोबांची टकळी हाती आली. कापूस घेऊन बसले. चार वार सूत निघालं आणि तुटलं. मी सवयीने दोन टोकं घेऊन गाठ मारायला गेले, आणि शाळेतल्या बाईंची आठवण झाली. सुताला गाठ मारायची नसते. गाठीचा धागा पुढे मागात अडकतो. तुटलेलं टोक आधी *उलट फिरवून त्याचा पीळ काढायचा*. ते मऊ, पिंजल्यासारखं झालं की त्यावर पेळूचे नवे तंतू ठेवायचे आणि मग दोघांना मिळून पीळ द्यायचा. याला सांधणं म्हणतात. ज्या टोकाचा पीळ काढलाच नाही, त्याला दुसरं काही सांधत नाही.

मी तशीच उठले आणि ताईंच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. तयारी करून गेले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "ताई, ते वाक्य माझं होतं. पहिलं मीच बोलले." त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, पाणी आणलं. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते." आम्ही दोघीही रडलो. मग मी प्रत्येकीला, ज्या ज्या त्या दिवशी पोळ्या लाटत होत्या त्यांना, एकेकीला फोन करून तेच सांगितलं. ते पहिल्यापेक्षा कठीण गेलं.

ताई आता गुरुवारी येतात. हिशेबाचं काम त्यांनी परत घेतलं नाही, आणि पूर्वी पुढे बसायच्या त्या आता मागे दाराजवळ बसतात. कातणाऱ्याला माहीत असतं, सांधलेली जागा जरा जाडच राहते. बोट फिरवलं की लागते. पण धागा पुढे जातो. गेल्या महिन्यापासून वाती परत त्यांच्या हातच्या आहेत.

हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा, माझं नाव नको. आणि ते शंभर रुपयांचंही लिहा!"

*६. अभ्यासाचं सार*

• टकळी दोन प्रकारची. एक हाताची, तिच्यातून सूत निघतं. दुसरी तोंडाची, तिच्यात कापूसच नसतो, नुसते फेरे. दोन्ही एका वेळी चालत नाहीत, हे आजोबांना ठाऊक होतं.

• ऐकलेल्याला पीळ बसायला वेळ द्यावा. मग गुंडाळावं. मग दुसऱ्याला द्यावं.

• पुढे जाताना मधूनच किंचित मागे फिरावं लागतं. त्यात कमीपणा नाही, ती कामाचीच पायरी आहे.

• धागा वारंवार तुटत असेल तर आधी आपली चाती सरळ आहे का ते बघावं.

• तुटलं तर गाठ मारू नये, सांधावं. सांधताना पहिला पीळ आपल्या टोकाचा काढावा.

• एक जरी जण सुटा राहिला असेल तर पेशीसारखं थांबावं. गेल्या कित्येक गुरुवारांत आपल्यातलं कोण दिसेनासं झालं आहे, ते आठवावं. विजापूरच्या चरख्यांसारखं कदाचित कोणी जाऊन विचारायचीच वाट असेल.

*चिंतनासाठी प्रश्न* (गुरुवारच्या बैठकीत बोलूया)

१. गेल्या आठवड्यात ऐकलेली कोणती एक गोष्ट मी लगेच पुढे पाठवली? तिचा मी स्वतः किती विचार केला होता?

२. कोणाशी बोलताना मी 'कोणाला वाईट वाटलं असेल तर' असं मोघम बोलून सुटले किंवा सुटलो?

३. आपल्या घरी, आपल्या गावच्या बोलीत चातीला काय म्हणतात? गोव्याच्या, ग्वाल्हेरच्या, हैदराबादच्या साधकांनी जरूर कळवावं. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनाही बरं वाटेल.

*या आठवड्याचा संकल्प*

रोज दहा मिनिटं समईच्या वाती किंवा देवाची वस्त्रं हाताने करायची, पूर्ण मौनात. पुरुष साधकांनीही करायची, अजिबात अवघड नाही. आणि सात दिवसांत एका तरी तुटलेल्या धाग्याकडे स्वतः जायचं. फोन किंवा निरोप नको. शक्य असेल तर समोर जाऊन.

नळाला नवा स्पिंडल बसला आहे. जुना मी टाकला नाही, देवघराच्या खणात आजोबांच्या टकळीशेजारी ठेवला आहे. मुलगा हसतो. हसू दे.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने सांगावं. चूकभूल द्यावी घ्यावी.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

– एक सेविका, बडोदे केंद्र